पळीभर तीर्थ

आजोबा पूजेसाठी विहिरीचं पाणी आणत, तेव्हा कळशीच्या तोंडाला दुपदरी फडकं बांधून ते आधी गाळून घेत. पूजा आटोपली की आम्ही नातवंडं पुढे व्हायचो. उजव्या तळव्याच्या खोलगट वाटीत पळीभर तीर्थ पडायचं. पिऊन झालं की ओला हात डोळ्यांना, मग डोक्याला.

मी नववीत असताना जत्रेहून आल्यावर धाकट्या भावाला कावीळ झाली. आईने त्याच्या गळ्यात काविळीची माळ घातली, डॉक्टरांनी पाणी उकळून प्यायला सांगितलं. माळ लांबत गेली, भाऊ बरा झाला. कशाने बरा झाला, यावर सगळे बोलले. आजारी कशाने पडला, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

तो प्रश्न पुढे समोर आला सत्यजित राय यांच्या 'गणशत्रू' या चित्रपटात. इब्सेनचं १८८२चं नाटक रायनी १९८९मध्ये बंगालातल्या चंडीपूर गावी आणलं. मुळातल्या आरोग्य-स्नानगृहांच्या जागी देऊळ आलं, चरणामृत आलं. गावात कावीळ पसरते. डॉ. अशोक गुप्ता पाणी तपासून घेतात, तर फुटक्या नळांतून त्यात घाण मिसळते आहे. दुरुस्ती होईपर्यंत देऊळ बंद ठेवा, एवढंच त्यांचं मागणं. पण नगरपालिकेचा प्रमुख असलेला त्यांचा सख्खा भाऊ म्हणतो, तुळस आणि गंगाजल असताना तीर्थ दूषित होईलच कसं? भर सभेत डॉक्टरांच्या धर्माचीच चौकशी होते. पाण्याचा अहवाल बाजूलाच राहतो.

१९८३मध्ये रायना हृदयविकाराचा झटका आला होता. त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्यामुळे हा चित्रपट जवळजवळ सगळा चार भिंतींआडच चित्रित झाला. डॉ. गुप्ता झालेल्या सौमित्र चटर्जींच्या चेहऱ्यावरची कळकळ त्या बंदिस्त खोल्यांत आणखी जवळून दिसते. डॉ. गुप्तांना देव हटवायचा नसतो. ओंजळ पुढे करणाऱ्या माणसाची त्यांना काळजी असते.

आजोबांमागे पूजा माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी उकळून निववलेलं पाणी कलशात ओतताना हात थबकला. देवाला असं पाणी चालेल का? मग कळशीवरचं ते दुपदरी फडकं आठवलं. देवाच्या पाण्यातही कचरा असू शकतो, हे आजोबांनी रोज सकाळी मान्य केलं होतं.

आज नातीच्या तळव्यावर पळी रिकामी केली. तिने विचारलं, "आजोबा, हे उकळलेलं आहे ना?"

"हो," म्हटलं. तिने ते डोळे मिटून प्यायलं.