मोराची चिठ्ठी



जून महिना संपत आला की आम्हा दोघी बहिणींना अजून चुकल्या-चुकल्यासारखं होतं. इस्राएलात प्राथमिक शाळा ३० जूनला सुटतात. त्या दिवशी वर्गाची मोरा मुलांच्या हातात तेउदा म्हणजे प्रगतिपुस्तक ठेवते, दोन शब्द बोलते, आणि मग दोन महिने होफेश गादोल, मोठी सुट्टी. आम्ही दोघींनी मिळून असे किती निरोप दिले ते मोजलं नाही. थोरली २०१६ साली निवृत्त झाली, धाकटी २०१९ साली. पण आज सांगायचं आहे ते आम्हाला मिळालेल्या पहिल्या निरोपाबद्दल.

आम्ही पेणच्या. तिथल्या मराठी शाळेत निकाल एप्रिलात लागायचा. गुरुजी नावं पुकारायचे, पास की नापास ते सांगायचे, आणि पोरं दप्तर टाकून कैऱ्या पाडायला पळायची. निरोप-बिरोप काही नाही. जूनमध्ये पाऊस आला की शाळा परत सुरू.

१९६२ साली पपा, आई आणि आम्ही दोघी दिमोनाला आलो. गाव तेव्हा सात वर्षांचं, आमच्याहून लहान. शिकूनमधली दोन खोल्यांची जागा, बाहेर सगळी वाळू. पपा कापड गिरणीत लागले. आम्हाला शाळेत घातलं. थोरली नऊ वर्षांची, धाकटी आठ, पण हिब्रू येत नाही म्हणून दोघींना दुसरीच्या एकाच बाकावर बसवलं. थोरलीला हे फार लागलं होतं. (धाकटीला मनातून बरंच वाटलं होतं, हे तिनं खूप उशिरा कबूल केलं.)

आमची मोरा वीस वर्षांची असेल नसेल. खाकी कपड्यांत यायची. त्या काळी अशा नव्या गावांत लष्करातल्या मुली शिकवायला पाठवत असत, त्यांतलीच ती. बालमित्रांनो, हिब्रूत बाईंना मोरा म्हणतात. आमच्या आईला पहिल्या दिवशी वाटलं, शाळेत मोर पाळलेत! आणखी एक नवल म्हणजे इथली मुलं बाईंना सरळ नावानं हाक मारतात. पेणला गुरुजींना नाव नव्हतं, ते फक्त गुरुजी. इथे मोराला नाव होतं, पण आडनाव काय ते कोणी विचारलंच नाही.

त्या वर्गात आम्ही वर्षभर तोंड उघडलं नाही. फळ्यावरचं उतरवून घ्यायचो, अक्षर चांगलं होतं, गणितं बरोबर यायची. पण बोलायला गेलो की मुलं हसायची. मग बोलायचंच नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं. एकमेकींशी मराठीत कुजबुजायचो तेवढंच.

३० जून १९६३. मोरानं प्रत्येकाला जवळ बोलावलं, तेउदा दिली आणि वर एक चिठ्ठी. आम्हा दोघींना मिळून एकच चिठ्ठी. तिनं आमच्या डोक्यावरून हात फिरवला, काहीतरी म्हणाली, आणि आम्ही नेहमीसारखी मान हलवली.

रात्री पपांनी आधी तेउदा पाहिली. 'तोव' म्हणजे चांगलं, 'मेओद' म्हणजे फार, हे त्यांना तेफिलातून ठाऊक. 'मस्पीक' मात्र अडलं. आई म्हणाली, "मस्त पीक आलंय म्हणत असेल." (मस्पीक म्हणजे कसंबसं पुरेसं. ते कळल्यावर आई चार दिवस बोलली नाही.)

मग चिठ्ठी. पपा पेणच्या मशिदीत सिदुर खडाखडा वाचायचे. पण हाती लिहिलेली हिब्रू अक्षरं छापील अक्षरांहून अगदी वेगळी असतात. पपांनी कागद आडवा धरला, उभा धरला, दिव्याजवळ नेला. एकही अक्षर लागेना. आम्हाला मात्र शाळेत तीच अक्षरं गिरवायला दिली होती, म्हणून वाचता येत होती, पण अर्थाच्या नावानं शून्य. तेव्हा असं ठरलं की आम्ही अक्षरं लावायची आणि पपांनी अर्थ सांगायचा.

"बशाना हबाआ," आम्ही वाचलं.

"पुढल्या वर्षी," पपा लगेच म्हणाले. पेसाहच्या हगादामुळे ते पक्कं ठाऊक.

"अनी."

"अनी म्हणजे मी. पुढे?"

"रोत्सा."

"हे राहू दे. पुढे?"

"लिश्मोआ."

"शमा, शमा! ऐका."

"एत कोलखेन."

"कोल? पहिलं अक्षर काफ का कोफ?"

"कोफ."

"मग सगळं नव्हे. आवाज."

पपांनी पेन्सिल घेतली आणि मोराच्या ओळीखाली मराठीत लिहिलं: पुढील वर्षी – मी – ऐका – आवाज. जरा वेळ बघत बसले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "मोरा बोलते तेव्हा तुम्ही ऐकत नाही होय गं? पुढल्या वर्षी माझा आवाज ऐका म्हणून लिहून द्यावं लागलं तिला! पेणला कधी तक्रार आली नव्हती."

आम्ही रडलो. होफेशभर तेच मनात. १ सप्टेंबरला शाळेत गेलो त्या हाताची घडी आणि तोंडावर बोट ठेवूनच. आता मोराला आमच्या श्वासाचासुद्धा आवाज येऊ द्यायचा नाही! पण वर्गात दुसरीच मोरा. पहिलीची लष्करातली मुदत संपली होती.

हनुकाच्या दिवसांत मुंबईहून आधी आलेले एक शेजारी घरी आले. ते हिब्रू चांगलं बोलत. आईनं चिठ्ठी पुढे केली. त्यांनी वाचली आणि हसले. "अहो, तक्रार कसली? मोरा लिहिते, पुढल्या वर्षी मला तुमचा आवाज ऐकायचा आहे."

पपा काही बोलले नाहीत. चिठ्ठी घडी करून डब्यात ठेवली, आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "मग बोला की गं."

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेच्या कचेरीत गेलो. मोरा कुठल्या गावची, पत्र कुठे पाठवायचं, हे विचारायला. हिब्रूत विचारलं, तोडक्यामोडक्या. कोणी हसलं नाही. कचेरीतल्या बाईंनी विचारलं, "आडनाव काय?"

ते आम्हाला माहीत नव्हतं.

पुढे आम्ही दोघी मोरा झालो. एक दिमोनाला, एक बेर-शेवाला. दर जूनमध्ये आम्ही एका टेबलाशी बसून मुलांना चिठ्ठ्या लिहायचो, तीस-तीस, बत्तीस-बत्तीस. पण चिठ्ठी हातात देण्याआधी मुलाला जवळ बसवून मोठ्यानं वाचायला लावायचो आणि अर्थ विचारायचो. यात वेळ फार जाई. बाकीच्या मोरा तोवर घरी पोचलेल्या असत. मे १९९१ मध्ये इथिओपियाहून विमानंच्या विमानं भरून माणसं आली. पुढच्या जूनमध्ये धाकटीच्या वर्गात त्यांतला एक मुलगा होता, आमच्यासारखाच मुका. त्याचे वडील निरोपाला आले होते. त्यांना वाचता येत नव्हतं. तेव्हा वरच्या वर्गातल्या एका मुलीला बोलावलं आणि चिठ्ठी अम्हारिकमध्ये सांगायला लावली. ऐकायला सुरुवात होताच ते गृहस्थ खुर्चीवरून उठले आणि संपेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, पुन्हा सांग. तिनं पुन्हा सांगितलं.

आमच्या मोराची चिठ्ठी अजून त्याच डब्यात आहे. कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय. सणाला नातवंडं जमली की डबा काढायला लावतात. वरची ओळ ती घडाघडा वाचतात. खालची पेन्सिलची ओळ त्यांना वाचता येत नाही. "पपांनी काय लिहिलंय?" म्हणून विचारतात. आम्ही वाचून दाखवतो, जशी आहे तशी, अर्थ न सुधारता.