पणजीची दोन घड्याळं

गोव्याचा प्लॅन ठरला, की ग्रुपमधला एकजण हमखास म्हणतोच, "एक रात्र कॅसिनो, बॉस!" बाकीचे आधी नाही-नाही म्हणतात आणि मग हळूच पॅकेजचा रेट विचारतात. एंट्री, बुफे, ड्रिंक्स, स्टेजवर नाचगाणं आणि हातात थोड्या चिप्स. पुण्या-मुंबईच्या आपल्या मंडळींना त्यात जुगारापेक्षा 'एकदा बघून तर येऊ' याचंच अप्रूप जास्त. बघायला काहीच हरकत नाही. फक्त बोटीत चढण्याआधी जरा मागे वळून बघा. ज्या रस्त्यावर तुम्ही टॅक्सीतून उतरलात, तो कुणाच्या तरी रोजच्या फिरण्याचा रस्ता आहे.

पणजी आपण समजतो त्यापेक्षा फारच लहान आहे. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत जेमतेम ४० हजार माणसं होती. पुण्यातल्या एकेका प्रभागात याहून जास्त लोक राहतात! आणि ज्या राज्याची ही राजधानी, तिथे २०२४ मध्ये एक कोटीहून जास्त पर्यटक आले. सगळेच काही पणजीत येत नाहीत, हे खरं. पण अंधार पडला की बागा-कळंगुटकडच्या गाड्यासुद्धा मांडवीच्या काठाकडे वळतात. कारण सहा तरंगते कॅसिनो तिथेच, नदीत उभे आहेत.

'ऑफशोअर' म्हणजे नेमकं कुठे?

गोव्याचा जुगारविरोधी कायदा १९७६ चा. १९९२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांना स्लॉट मशीन लावायची मुभा मिळाली. १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलांवरचे खेळही आले. तेव्हापासून या बोटींना 'ऑफशोअर कॅसिनो' म्हणतात. शब्द ऐकून वाटतं, बोट किनारा सोडून लांब समुद्रात जात असेल, भोवती फक्त लाटा वगैरे. छे! जेटीवरून छोट्या बोटीत बसायचं, एक सेल्फी अपलोड होईपर्यंत तुम्ही कॅसिनोत. इतकं 'ऑफ' आणि इतकंच 'शोअर'.

काठावर समोरच आदिलशहाचा जुना राजवाडा आहे. पोर्तुगीज व्हाइसरॉय तिथे राहिले, पुढे गोव्याची विधानसभा तिथे भरायची. २००० मध्ये ती नदीपलीकडे पर्वरीला गेली. बाजूला आबे फारियाचा पुतळा, हात पसरून एका बाईला संमोहित करणारा. हिप्नॉटिझमच्या या आद्य गुरूला समोरचे लाल-निळे-जांभळे दिवे बघून काय वाटत असेल, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

या बोटी इथून हलणार, हे वाक्य पणजीकरांनी इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी मान वर करून बघत नाही. विरोधी पक्षात असताना मनोहर पर्रीकरांनी कॅसिनोंविरुद्ध रान उठवलं होतं. २०१२ मध्ये ते मुख्यमंत्री झाले, बोटी राहिल्या. २०१९ च्या पोटनिवडणुकीत बाबुश मोन्सेरात यांनी निवडून आल्यावर शंभर दिवसांत कॅसिनो मांडवीतून हलवण्याचा शब्द दिला. ते निवडून आले, पुन्हा २०२२ मध्येही आले, बोटी आहेत तिथेच. मधूनमधून दुसऱ्या जागांची नावं निघतात, कधी आग्वादचा उपसागर, कधी झुआरी. की लगेच तिथले लोक म्हणतात, 'आमच्याकडे नको!' मग मंत्रिमंडळ मुदतवाढ देतं. ती संपली की पुढची. भाड्याच्या घराचं अॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं करत करत आपल्याकडे लोक वीस वर्षं काढतात, तसंच हे.

जुलै २०१७ मध्ये तर भर पावसाळ्यात नदीत शिरू पाहणारी एक कॅसिनो-बोट मिरामारच्या वाळूत रुतून बसली. कित्येक आठवडे ती तिथेच होती. संध्याकाळी वारा खायला येणाऱ्यांना कॅसिनो असा पायी चालत जाण्याच्या अंतरावर बघायला मिळाला!

दोन घड्याळं

खरी गंमत (आणि खरं दुखणं) मात्र जुगाराचं नाहीच, वेळेचं आहे. पणजीत दोन घड्याळं चालतात.

एक गावाचं. सकाळी पोदेराचा भोंपू वाजतो, सायकलवरून पाव येतो. बाजारात मासे घेताना भावाइतकीच घरच्यांची चौकशी होते. एकच्या सुमाराला दुकानांची शटरं खाली. जेवण आणि वामकुक्षी. पुण्याच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही! साडेतीनला गाव पुन्हा डोळे चोळत उठतं. संध्याकाळी नदीकाठाने कांपाल, पुढे मिरामार. कला अकादमीत काही असेल तर नाटक, तियात्र किंवा गाणं. साडेआठ-नऊला बहुतेक दुकानं बंद.

दुसरं घड्याळ बोटींचं. ते सुरूच होतं गावाचं बंद होताना. आत तर भिंतीवर घड्याळ नसतंच, जगभरातल्या कॅसिनोंचं ते जुनं शास्त्र आहे. खेळणाऱ्याला वेळ कळू नये म्हणून. पण काठावरच्या माणसाला ती चांगलीच कळते.

मळ्यात ज्यांच्या घरी मी खोली घेऊन राहिलो होतो, त्या मावशींना मी मुद्दामच छेडलं. म्हटलं, "मावशी, जुगार वाईटच ना?" त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "खेळणाऱ्यांचं मला काय करायचंय बाबा? त्यांचे पैसे, त्यांचं नशीब. माझ्या दारात गाडी लावतात आणि पहाटे तीनला येऊन हॉर्न मारतात, त्याचं बोल तू." आणि मग थोड्या वेळाने, "आमचे हे होते तेव्हा जेवण झालं की आम्ही नदीवर जायचो. आता रात्री तिकडे कोण जातं?"

कॅसिनोविरोधी भाषणांत संस्कृती, नीतिमत्ता असे जड शब्द खूप येतात. मला मावशींचं म्हणणं जास्त पटलं. ४० हजारांच्या गावाला एकच नदीकाठ आहे आणि दिवसातल्या सगळ्यात चांगल्या वेळी तो त्याला मिळत नाही. दयानंद बांदोडकर मार्गावर संध्याकाळी उभं राहून बघा. बुकिंग ऑफिसांच्या झगमगाटात रस्ता कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते, कळत नाही.

आता दुसरी बाजू. रात्री अकराला मला परत सोडणारा पायलट (गोव्यात दुचाकी टॅक्सीवाल्याला पायलट म्हणतात) विशीतला होता. आधी त्याने सवयीने विचारलं, "खंय वता? कॅसिनोंत?" नाही म्हटल्यावर थोडा हिरमुसलाच. वाटेत म्हणाला, "कॅसिनो गेले तर रात्रीचं भाडं कुठून आणणार, सर?" तो एकटा नाही. स्वयंपाकी, सिक्युरिटीवाले, पत्ते वाटणारी मुलं-मुली, बोटी चालवणारे, हॉटेलं, टॅक्सी... शिवाय लायसन्स फीचे कोट्यवधी रुपये राज्याच्या तिजोरीत. कॅसिनोंवर आधी २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. म्हणजे बोटी सरकारलाही प्यारच! म्हणून तर मुदतवाढ मिळते.

पण हा पैसा मावशींच्या गल्लीपर्यंत येतो का? मकाऊचं उदाहरण घ्या. जेमतेम ३३ चौरस किलोमीटरचं गाव, लास व्हेगासलाही मागे टाकलेलं. तिथेही गर्दीने लोक कावलेले आहेतच. पण तिथलं सरकार २००८ पासून कायम रहिवाशांना दरवर्षी रोख रक्कम वाटतं, अलीकडची काही वर्षं १० हजार पटाका. तिथल्या सरकारी नोकरांना कॅसिनोत जायला बंदी आहे, फक्त चिनी नववर्षाचे पहिले तीन दिवस सूट! (ही सूट कुणाच्या डोक्यातून निघाली असेल, त्याला सलाम.) गोव्यात १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांनाच कॅसिनोत प्रवेश बंद झाला. हेतू चांगला, घरं बुडू नयेत. पण परिणाम असा, की गावाने जागा द्यायची, रस्ता द्यायचा, झोप द्यायची आणि पार्टी मात्र बाहेरच्यांची.

पिवळ्या भिंतीसमोर

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कॅसिनोवाले नाहीच मुळी, आम्ही हेरिटेजवाले! थांबा. फोन्तेन्हासला जाऊन या. पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगाची घरं, लाल कौलं, छोट्या बाल्कन्या. इन्स्टाग्रामवर तुम्ही पाहिलंच असेल. तिथल्या दारांवर आता 'फोटो काढू नका' अशा पाट्या लागल्यात. कारण सकाळी सातला दार उघडावं, तर पायरीवर प्री-वेडिंगवालं जोडपं, रिफ्लेक्टर धरलेला असिस्टंट आणि वर, "आंटी, दोन मिनिटं आत थांबता का? फ्रेममध्ये येताय." स्वतःच्याच घरातून फ्रेममध्ये यायची चोरी!

म्हणजे उद्या सगळ्या बोटी खरंच गेल्या, तरी प्रश्न संपणार नाही. मला विचाराल तर 'कॅसिनो हवा की नको' या भांडणात आता फार दम नाही. हिशेब साधा हवा. सहाच्या सात बोटी होणार नाहीत आणि आकारानेही वाढणार नाहीत, हे लेखी द्या. नदीतून हलवायची तारीख असेल तर ती जाहीर करा, नसेल तर तेही स्पष्ट सांगा. माणसं तारखेची वाट बघत आयुष्य का काढतील? कॅसिनोला येणाऱ्या गाड्या गावाबाहेरच्या बाजूला, पाटोलाच थांबवा आणि तिथून पाहुण्यांना बसने न्या. मळा-फोन्तेन्हासच्या गल्ल्यांत रात्री फक्त रहिवाशांच्या गाड्या. आणि लायसन्स फीतला ठरलेला वाटा थेट पणजी महापालिकेला, नदीकाठाच्या नावाने. यातलं काहीच रॉकेट सायन्स नाही.

जाणार असालच, तर एक दिवस गावाच्या घड्याळाने काढून बघा. गाडी पाटोच्या बहुमजली पार्किंगमध्ये लावा, पुढे सगळी पणजी पायीच करता येते. सकाळी लवकर पातळ भाजी आणि पाव, सोबत मिरचीचं भजं. मग बेतीची फेरीबोट पकडा, पलीकडच्या काठावर उतरा आणि दिवे विझलेल्या त्या सहा बोटी एकदा उन्हात बघा. फोन्तेन्हासमध्ये फिरा, पण हळू बोला. खरेदी एकच्या आत उरका. नंतर दुकानं साडेतीनला उघडतात.