ठाऊक असलेली गोष्ट

सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा बोलून दाखवणाऱ्याला आपण बडबड्या म्हणतो. तर्कशास्त्रज्ञ मात्र त्याची बाजू घेतात, याची मला मोठी मौज वाटते.

ज्ञानाचे आणि समजुतीचेही तर्कशास्त्र असते. फिनलंडचे तत्त्वज्ञ याक्को हिंटिका यांनी १९६२ साली त्यावर पुस्तकच लिहिले. माणसाला जग कसकसे असू शकेल असे वाटते, ती सारी चित्रे शेजारी शेजारी मांडायची. त्या प्रत्येकात जी गोष्ट खरी, ती त्याला ठाऊक. शिवाय ज्ञान खरेच असावे लागते, समजूत खोटीही निघते. (ज्यांच्या घरी लग्नाची बोलणी झाली आहेत, त्यांना हा भेद शिकवायला नको!)

या शास्त्रातले एक कोडे पाहा. तीन मुले खेळून आली आहेत. दोघांच्या कपाळाला चिखल आहे. प्रत्येकाला दुसऱ्यांची कपाळे दिसतात, स्वतःचे नाही. वडील म्हणतात, “निदान एकाच्या तरी कपाळाला चिखल आहे.” ही काय बातमी झाली? तिघांनाही ते दिसतच होते! मग ते विचारतात, “आपलेच कपाळ मळले आहे, हे कोणाला कळले का?” सारे गप्प. पुन्हा तोच प्रश्न, आणि मळलेली दोघे एकदम हात वर करतात. ‘माझे कपाळ स्वच्छ असते, तर त्याला चिखल कुठेच दिसला नसता, आणि तो मघाशीच बोलला असता,’ असे प्रत्येकाने ताडलेले असते. वडिलांनी ते पहिले वाक्य उच्चारले नसते, तर शंभरदा विचारूनही उपयोग नव्हता. सर्वांना ठाऊक असणे निराळे, आणि ते सर्वांना ठाऊक आहे हेही सर्वांना ठाऊक असणे निराळे.

आमची आत्या शेवटच्या दुखण्यात होती, तेव्हा घरातल्या प्रत्येकाला ते कळले होते. पण तिला ठाऊक नसेल, असे आम्हांला वाटे. आम्हांला ठाऊक नसेल, असे तिला. रोज सकाळी “आज बरं आहे ना, वन्सं?” आणि “हो, कालच्यापेक्षा बरं,” एवढेच चाले. एका दुपारी आत्याच आईला म्हणाली, “वहिनी, मी काही आता उठत नाही. तुम्हांलाही ठाऊक आहे, मलाही.”

नवे कोणालाच काही कळले नाही. पण आई प्रथमच तिच्या उशाशी बसून रडली. मग आत्याने ट्रंकेची किल्ली काढून दिली, आणि कुठले पातळ कोणाला द्यायचे, हे दोघी दिवेलागणीपर्यंत ठरवत बसल्या.