ब्रॉडहेपनीच्या माळावरील सराई

हॅम्पशायर परगण्यातील हॅम्बल्डन हे गाव मागे टाकून, दुतर्फा कुंपणांच्या दाट झाडीतून वर चढणाऱ्या अरुंद वाटेने सुमारे दोन मैल गेले, की झाडी सरते, आखूड गवताचा उघडा माळ समोर येतो, आणि रस्त्याच्या एका अंगास ‘बॅट अँड बॉल’ ही जुनी सराई व दुसऱ्या अंगास ब्रॉडहेपनी डाउनचे मैदान दृष्टीस पडते. मैदानाच्या कडेचा ग्रॅनाइटचा स्मारकस्तंभ १९०८ सालचा; सराई मात्र त्याहून पुष्कळ जुनी.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या सराईचा चालक रिचर्ड नायरेन हाच हॅम्बल्डन क्लबचा कर्णधार असल्यामुळे ही वास्तू क्रिकेटची कचेरीच बनली होती. क्लबाचे आश्रयदाते उमराव आणि जमीनदार होते हे खरे. परंतु खेळाला रूप दिले ते डेव्हिड हॅरिस या कुंभाराने आणि मूळचा चांभार असून पुढे बॅटी व चेंडू घडवू लागलेल्या जॉन स्मॉलने. १७७१ साली प्रतिपक्षाचा एक फलंदाज यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन उभा राहिला, तेव्हा हॅम्बल्डनकरांनी स्वाक्षऱ्यांनिशी लेखी हरकत नोंदविली, आणि सव्वाचार इंचांची जी मर्यादा तेव्हा ठरली ती आजतागायत कायम आहे. १७७५ साली स्मॉल खेळत असता लंपी स्टीव्हन्सचा चेंडू दोन यष्ट्यांमधून तीनदा निसटून गेला. गोलंदाजावरील हा अन्याय स्मॉलच्या पथ्यावर पडला खरा, पण त्यातूनच तिसरी यष्टी आली. पुढे दोनच वर्षांनी या क्लबाने अखिल इंग्लंडच्या संघास एक डाव व १६८ धावांनी पराभूत केले.

येथे मला पळवणकर बाळूंचे स्मरण होणे अपरिहार्य होते. पुण्यात मैदानाची निगा राखता राखता गोलंदाजी शिकलेल्या, आणि ज्या हिंदू संघास सामने जिंकून दिले त्याच्याच मंडपाबाहेर वेगळ्या भांड्यातून चहा प्यावा लागलेल्या या चर्मकार गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. स्मॉलच्या कसबाचा योग्य मान राखणारी ही टेकडी पाहिल्यावर, आपण बाळूंशी किती कृपणतेने वागलो, हे मनाला फार लागते.

१७८७ साली लंडनमध्ये एम.सी.सी. स्थापन झाला, उमराव तिकडे वळले, आणि शतक संपण्यापूर्वीच हॅम्बल्डनचा दरबार उठला. लॉर्ड्सच्या यात्रेस जाणाऱ्या मराठी क्रिकेटप्रेमीने या माळासाठी एक दिवस अवश्य राखून ठेवावा. उन्हाळ्यात येथे आजही सामने होतात.