मांडवीतील दोन बेटे : दिवाडी आणि चोडण

३ डिसेंबर जवळ आला की बेळगाव, खानापूर व निपाणीकडील कितीतरी कुटुंबे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्तासाठी जुन्या गोव्यास जातात. मिस्सा, दर्शन, थोडी खरेदी आणि संध्याकाळी परत, असा बहुतेकांचा क्रम असतो. अशा वाचकांना आमची विनंती आहे की, पुढील खेपेस व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली धक्क्यावर उतरावे व फेरीबोटीने समोरच्या दिवाडी बेटावर जावे. काही मिनिटांत पैलतीर लागतो.

हे बेट आपल्याला वाटते तितके परके नाही. मांडवी म्हणजे आपली म्हादईच होय. खानापूर तालुक्यात देगावच्या रानात तिचा उगम आहे. त्याच तालुक्यात कणकुंबीस मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेस कृष्णेकडे जाते, ही पश्चिमेस समुद्राकडे. निपाणीचे पाणी मात्र वेदगंगेवाटे कृष्णेलाच मिळते. तेव्हा निपाणीकर येथे निव्वळ पाहुणे!

तंबाखू आणि ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्याने येथे पाहावी ती खाजन शेती. समुद्राची भरती दिवसातून दोनदा नदीत शिरते आणि तिचे खारे पाणी बेटाच्या कडेला येऊन भिडते. त्या पाण्याला थोपविण्यासाठी गावकऱ्यांनी चिखलमातीचे बांध घातले. बांधात जागोजागी लाकडी दारांचा 'मानस' असतो. भरती चढू लागली की बाहेरील पाण्याच्या दाबानेच ही दारे मिटतात. ओहोटी लागली की आतील पाण्याच्या दाबाने उघडतात. पावसाळ्यात गोडे पाणी शेतातील खार धुऊन काढते, मग खार सोसणारे कोरगुट भात तेथे पिकते. मानसाच्या तोंडाशी जाळे लावले की कोळंबी मिळते ती वेगळीच. ही व्यवस्था पोर्तुगीजांच्याही पूर्वीची आहे. मात्र बांध एकदा फुटला व वेळेवर बुजविला नाही, तर खारे पाणी शेत बळकावते आणि काही वर्षांत तेथे खारफुटीचे रान माजते. अशी पडीक खाजने आज बरीच आहेत.

खारफुटी म्हणजे निरुपयोगी झुडपे, असे मात्र कोणी समजू नये. शेजारच्या चोडण बेटाच्या पश्चिम टोकास १९८८ मध्ये डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य जाहीर झाले, ते खारफुटीचेच. ही झाडे श्वासासाठी आपली मुळे चिखलातून वर काढतात. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी तेथे उतरतात. रायबंदरहून फेरीबोट मिळते.

दिवाडीच्या टेकडीवर पिएदाद मातेचे देऊळ आहे. तेथून नदीचा देखावा फार सुंदर दिसतो. बेटाच्या नार्वे भागात कदंब राजांचे आराध्यदैवत सप्तकोटेश्वराचे मूळ मंदिर होते. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात पाडले, ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनी झाकून ठेवू नये. भाविकांनी लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूस नेले व १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार करविला.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीत बोंदेराम भरतो. वाड्यावाड्यांतील हद्दीच्या भांडणात निशाणे रोवली जात व दुसरी बाजू ती पाडत असे. त्याची ही आठवण आहे, असे सांगतात. आता निशाणांची मिरवणूक निघते आणि बांबूच्या नळीतून फळे उडवून लढाई होते. सीमेचे भांडण सणात मुरविण्याची ही युक्ती आम्हा सीमाभागातील लोकांस हेवा वाटावा अशीच आहे.

म्हादईचे भांडण मात्र अजून सणापर्यंत आलेले नाही. २०१८ च्या लवादाने कर्नाटकास १३.४२ आणि गोव्यास २४ अब्ज घनफूट पाणी दिले. राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. मलप्रभेच्या खोऱ्यातील गावांची आणि हुबळी-धारवाडची तहान खोटी नाही, हे आम्ही जाणतो. गोव्याचे म्हणणे असे की, वरून गोडे पाणी कमी आले तर खारे पाणी नदीत अधिक आत चढेल. ज्यांच्या शेतास ते प्रथम लागणार, त्यांचे म्हणणे बांधावर उभे राहून ऐकावे. ते कोंकणीत बोलतील, पण आपली मराठी त्यांना समजते.