गिअरचं तेल

वंगणाचं नळकांडं आमच्या बैलगाडीच्या साटीखाली सुतळीने बांधलेलं असायचं. माल भरून जालन्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी दादा दोन्ही चाकांच्या कुण्या काढत, चाक वीतभर बाहेर ओढत आणि आखावरचं जुनं वंगण चिंधीने पुसून घेत. ते पुसलेलं वंगण लगेच फेकत नसत. दोन बोटांत चोळून त्यात वाळू लागते का ते बघत, मगच नवं घालत. आमच्या जाफराबादला रेल्वे कधी आली नाही. जालना-खामगाव मार्गाची मागणी करण्यात पिढ्या सरल्या. पूर्णा-केळणेच्या काठावर जे पिकलं ते चाकावरूनच बाहेर गेलं, त्यामुळे वंगण हा आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना कळणारा विषय होता.

पुढे काकांनी ट्रॅक्टर घेतला आणि घरात ९० नंबरचं तेल आलं. त्याचा उग्र वास अंघोळ केली तरी हाताला राहायचा. तो वास गंधकाचा. गिअरचे दात एकमेकांवर एवढ्या दाबाने सरकतात की साधं तेल मधून पिळून निघून जातं. म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. ती पोलादावर पातळ थर धरतात. हे मला फार उशिरा समजलं. तेव्हा कळायचं ते एवढंच, की तेल सोडताना खालच्या बोल्टाच्या चुंबकावर करडा, लोण्यासारखा मऊ गाळ असेल तर ती रोजची झीज, आणि बोटाला टोचणारा तुकडा लागला तर कुठला तरी दात गेला.

जालन्यात गॅरेजवर काम शिकलो तेव्हा उस्ताद तेलाचा एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाकून ठेवायचे. चहा होईपर्यंत थेंब पसरायचा. मधे काळा ठिपका घट्ट बसला की तेल संपलं. काळ्या-पिवळ्या जीपा, ट्रॅक्स, टेम्पो, सगळ्यांची तपासणी अशीच. क्लच प्लेट आणि गिअरचं तेल यांवर त्या गॅरेजची चूल पेटायची.

मग मोठ्या गाड्या आल्या. जालना बियाण्यांचं आणि लोखंडी सळ्यांचं गाव. १९६४ साली इथे महिको सुरू झाली आणि बियाण्याच्या धंद्याने जिल्ह्यात पैसा आणला. १९९५ साली मर्सिडीज पुण्यात तयार होऊ लागली. ऑक्टोबर २०१० मध्ये तर औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका झटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. मराठवाडा म्हणजे दुष्काळ एवढंच ज्यांना माहीत होतं ते चकित झाले. मला अभिमान वाटला, आणि त्याच दिवशी हेही मनात आलं की या दीडशे गाड्यांच्या गिअरबॉक्सचं तेल कोण बघणार?

हा प्रश्न साधा नव्हता. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल नुसतं वंगण नसतं. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक फिरला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरतो, तसं टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या भागात इंजिनाचं बळ तेलातून पुढे जातं. तेच तेल दाबाखाली क्लच आवळतं, गिअर बदलतं, उष्णता वाहून नेतं. आणि नेमकं तेच नजरेआड गेलं. मर्सिडीजने १९९६ मध्ये आणलेल्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये तेल मोजायची पट्टीच नव्हती. नळीवर सीलबंद टोपण होतं. हे तेल गाडीच्या आयुष्यभर पुरेल, असं सांगितलं गेलं. काही वर्षांनी कंपनीनेच ६० हजार किलोमीटरला तेल बदलायला सांगितलं. अनेक महागड्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनीही ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते. पट्टी काढली हे वाईट झालं, असं माझं ठाम मत आहे. मालकाची बघण्याची सवयच त्यासोबत गेली.

आमच्या तालुक्यातल्या एका बियाणेवाल्यांनी जुनी जर्मन गाडी घेतली होती. साठ-सत्तरच्या वेगाला ती थरथरायची, बारीक गतिरोधकांच्या पट्ट्यांवरून चालल्यासारखी. एका मोठ्या वर्कशॉपने अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगितला होता.

“भाऊ, तेल कधी बदललं?” मी विचारलं.

“लागत नाही म्हणले ना.”

खालची टाकी उतरवली. लाल असायला हवं ते तेल तपकिरी पडलेलं आणि जळका वास. चुंबकावर गाळ होता, पण मऊ. टोचणारं काही नव्हतं. तिथेच मला आशा वाटली. टाकीतून निम्मंच तेल निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. तेही काढलं, फिल्टर आणि गॅस्केट नवी घातली. या कामात चिंधी चालत नाही. वाल्व्हच्या वाटा इतक्या बारीक की कापडाचा एक धागा आत गेला तर वाल्व्ह अडकतो. दादांच्या हातातली चिंधी आठवली, पण इथे धागा न सोडणारं कापडच घ्यावं लागलं. शेवटी तेल ८० अंशांना तापेपर्यंत गाडी चालू ठेवून पातळी मोजली, कारण तापल्यावर ते फुगतं आणि थंडपणी मोजलेली पातळी फसवते.

थरथर पहिल्या फेरीत कमी झाली, महिन्याभरात गेली. प्रत्येक वेळी असं होत नाही. क्लचच्या प्लेटा जळून गेल्या असतील तर नवं तेल त्यांना परत आणू शकत नाही. तेव्हा गिअरबॉक्स उघडावाच लागतो आणि तो खर्च जुन्या गाडीच्या किमतीला भिडतो. म्हणून वेळेवर केलेल्या तेलबदलाला मी खर्च मानत नाही.

आता इलेक्ट्रिक गाड्या दिसू लागल्यात. त्यांना पाच-सात गिअर नाहीत, पण बहुतेकींत मोटर आणि चाकांच्या मधे वेग कमी करणारे गिअर असतातच आणि ते तेलातच फिरतात. गॅरेजवरची पोरं विचारतात, हे काम शिकून आता काय उपयोग? मी त्यांना गाडीखाली बोलावतो आणि त्या तेलाचा बोल्ट कुठे आहे तो दाखवतो.