मामांची फीत

पडद्यावरची माणसे पाहण्याचा नाद आम्हांला लागला तो चर्चच्या मैदानात, आणि तोही पडद्याच्या मागच्या बाजूला बसून. १९८० च्या पुढेमागे ‘दया सागर’ हा प्रभू येशूच्या जीवनावरचा चित्रपट गावोगावी दाखवला जाई. मूळचा तो तेलुगू. १९७८ साली ‘करुणामयुडु’ या नावाने निघालेला आणि नंतर हिंदीत उतरवलेला. वसईतल्या आमच्या गावी तो आला, तेव्हा दोन माडांच्या मध्ये पांढरी चादर ताणून बांधली होती. पुढची जागा दिवेलागणीपूर्वीच भरली. वाडीत पाणी लावून येईपर्यंत आम्हांला उशीर झाला, म्हणून चादरीच्या मागे वाळूत जाऊन बसलो. मागूनही चित्र दिसतेच, फक्त उजव्याचे डावे होते. दुसऱ्या दिवशी धर्मशिक्षणाच्या वर्गात उभे राहून आम्ही विचारले, “बाई, येशू डाव्या हाताने आशीर्वाद का देतो?” सारा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. “मागं बसला होतास ना? पुढच्या वेळी लवकर ये,” एवढेच त्या म्हणाल्या.

पुढच्या वेळी आम्ही लवकर गेलो, पण पडद्यापुढे बसलो नाही. यंत्रापाशी उभे राहिलो. ते सोळा मिलिमीटरचे प्रक्षेपण-यंत्र होते. शेजारी जनित्राची घरघर चाललेली, आणि झोताच्या उजेडात किडे भिरभिरत असत. यंत्र चालवणाऱ्या गृहस्थांना आमची दया आली असावी. फीत मध्येच तुटली तेव्हा जोडताना वाया गेलेला वीतभर तुकडा त्यांनी आमच्या हातावर ठेवला. तो उन्हात धरून पाहिला, तर एकाखाली एक तीसएक चित्रे, आणि सगळी सारखीच! बऱ्याच वेळाने ध्यानात आले की ती अगदी सारखी नाहीत. पहिल्या चित्रातला हात शेवटच्या चित्रात किंचित वर गेला होता.

सिनेमाचे सारे रहस्य त्या वीतभर तुकड्यात होते. फितीवर हालचाल नसतेच. असतात ती स्थिर चित्रे. दर सेकंदाला चोवीस चित्रे दिव्यासमोर क्षणभर थांबतात आणि पुढे सरकतात. मधल्या काळोखाची जाणीव डोळ्याला होत नाही. मन त्या चित्रांची सांधेजोड करते आणि हात उचलला गेल्याचे आपल्याला दिसते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कालाच्या स्वरूपावर पुष्कळ ऐकले, पण त्या तुकड्याने जे शिकवले होते त्याची आठवण प्रत्येक वेळी झाली.

या नादाला मोठी परंपरा आहे, हे पुढे वाचनातून कळले. दादासाहेब फाळके यांना चित्रपट काढण्याची प्रेरणा मिळाली ती मुंबईच्या एका चित्रगृहात ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहून. तो सुमार १९१०-११ चा. ख्रिस्ताचे जीवन पडद्यावर पाहताना श्रीराम आणि श्रीकृष्ण त्यांच्या मनश्चक्षूंपुढे उभे राहिले, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. आमच्या गावच्या चादरीवर जे घडले, त्याहून फार निराळे काही त्या चित्रगृहात घडले नसावे. फरक एवढाच, की फाळके पाहून थांबले नाहीत.

आमच्या घरातही एक फीत होती. आमचे मामा बोटीवर नोकरीला होते. १९७९ साली ते सुटीवर आले, ते गळ्यात लहानसा कॅमेरा अडकवूनच. ‘सुपर एट’ म्हणत त्याला. आठ मिलिमीटर रुंदीची फीत, एका डबीत पन्नास फूट, चालते जेमतेम सव्वातीन मिनिटे. गावच्या सणाला मामांनी एक अख्खी डबी खर्ची घातली. मिरवणूक, बँडवाले, मुंडावळ्यांसारख्या लोंबणाऱ्या कागदी पताका, आणि मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारातून बाहेर पडणारी माणसे. फीत त्यांनी परदेशातल्या बंदरात धुवायला दिली आणि पुढच्या सुटीत प्रक्षेपण-यंत्रासह आणली.

त्या रात्री आमच्या ओटीच्या भिंतीवर सारी आळी जमली. आवाज नव्हता, तो पाहणाऱ्यांनीच भरून काढला. “ही बघ गं, ही तू!” “अगो बाई, किती काळी दिसते मी!” चर्चच्या दारातून लाल लुगड्यातली आमची आई बाहेर आली. मामा समोर कॅमेरा धरून उभे आहेत हे लक्षात येताच ती लाजली, पदर तोंडाला लावला आणि हसत मान वळवली. भिंतीवरच्या आईकडे पाहून ओटीवरच्या आईनेही नेमका तसाच पदर तोंडाला लावला. मग मामांनी यंत्र उलटे चालवले आणि सगळे गाव पाठमोरे चालत चर्चमध्ये परत शिरले. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढे आम्ही त्यांना इतके हसताना फारसे पाहिले नाही. कारण १९८६ साली आई गेली.

आईची छायाचित्रे आहेत. एक लग्नातले, एक आमच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशीचे. दोन्हींत ती ताठ उभी आहे, जसे त्या काळी सगळेच उभे राहत. हसणारी, मान वळवणारी आई फक्त त्या फितीत होती.

मामा वारल्यावर घराची डागडुजी निघाली, तेव्हा मामींनी तो पत्र्याचा डबा आमच्या हाती दिला. यंत्र केव्हाच बिघडले होते. “फादर, तुमच्याकडेच असू द्या. कुठं तरी दाखवून घ्या,” त्या म्हणाल्या. आम्ही डबा पेटीत ठेवला. धर्मगुरूच्या बदल्या होतात. पेटीही आमच्याबरोबर एका धर्मग्रामातून दुसऱ्यात फिरली. बाबांनी दोनदा विचारले. एकदा म्हणाले, “ती तुझ्या मामाची फीत कुठं आहे रे? तुझ्या आईला बघायचं होतं.” आम्ही म्हटले, “बघू बाबा, नाताळ होऊ द्या.” नाताळ झाला, उपवासकाळ आला, मग पहिल्या ख्रिस्तप्रसादाची धांदल, मग पावसाळा. लोकांची कामे करता करता घरचे हे काम दरवेळी मागे पडले. २०११ मध्ये बाबा गेले. फीत त्यांनी पाहिली नाही.

डबा आम्ही उघडला तो २०१९ साली. झाकण काढताच आंबट वास नाकात भरला. लोणच्याच्या बरणीत सांडलेल्या शिरक्याचा असावा तसा. फीत कडांना लहरी आल्यासारखी वाकली होती. वास कसला हे तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते. नंतर माहिती काढली.

चित्रपटाची फीत म्हणजे एका पारदर्शक पट्टीवर चढवलेला रसायनांचा पातळ थर. सुरुवातीच्या काळात ही पट्टी नायट्रेटची असे. ती इतकी ज्वालाग्राही, की एकदा पेटली म्हणजे पाण्याखालीही जळत राहते. १९५० च्या सुमारास तिची जागा अॅसिटेटच्या पट्टीने घेतली. ती तशी पेटत नाही, पण उष्णता आणि दमटपणा मिळाला की आतून विघटित होऊ लागते आणि तिच्यातून शिरक्याचे आम्ल सुटते. डबा बंद असला तर ते आम्ल आतच कोंडते आणि विघटनाचा वेग वाढवते. पट्टी आखडते, ठिसूळ होते, चित्राचा थर सुटू लागतो. शेजारच्या चांगल्या फितीलाही ही बाधा होते. समुद्रकाठच्या आमच्या हवेत, पत्र्याच्या बंद डब्यात, आम्ही ती फीत जणू जाणूनबुजून मरणासाठी ठेवली होती. रंगांची गोष्ट आणखी वेगळी. लहानपणी मिळालेला तो वीतभर तुकडा आम्ही प्रार्थनापुस्तकात जपला होता. त्यातले निळे आणि हिरवे उडून गेले आहे. आभाळ, झाडे, माणसे, सारेच गुलाबी झाले आहे.

आमचे नुकसान घरगुती. देशाचे फार मोठे. ‘राजा हरिश्चंद्र’चा आज काही भागच शिल्लक आहे. १९३१ चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. जुन्या फितींतली चांदी काढून घेण्यासाठी त्या भंगारात विकल्या जात. हा ऱ्हास थोपवण्यासाठी १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. २०२२ पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहे. पी. के. नायर यांनी १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथे जन्माचे काम केले. लहानपणी त्रिवेंद्रमला वाळूत बसून सिनेमा पाहणारा आणि तिकिटांची अर्धुके जपून ठेवणारा हा मुलगा मोठेपणी फाळक्यांच्या फिती शोधून जमवू लागला. २०१६ मध्ये ते निवर्तले. त्यांच्याविषयी वाचताना आमची मान खाली गेली. वाळूत आम्हीही बसलो होतो. तुकडा आम्हीही जपला होता. पण जी फीत खरोखर जपायची, ती पेटीतच राहिली.

मुंबईतल्या एका जाणकार तंत्रज्ञाकडे आम्ही डबा नेला. त्यांनी फीत भिंगाखाली पाहिली. “फादर, ही इतकी आखडलीय की यंत्राचे दाते भोकांत बसणार नाहीत. चालवली तर तुकडे होतील. दहा वर्षांपूर्वी आणली असती तर...” त्यांनी वाक्य पूर्ण केले नाही. दहा वर्षांपूर्वी बाबा हयात होते. मग जिथे थर शाबूत होता तिथली चित्रे त्यांनी एकेक करून छायाचित्रासारखी टिपली. दारातल्या प्रसंगाची सलग एक्केचाळीस निघाली. या फितीची गती सेकंदाला अठरा चित्रांची. म्हणजे सव्वादोन सेकंद.

धर्मग्रामातल्या एका तरुणाने ती संगणकावर ओळीने लावून दिली. लाल लुगडे अजून लालच आहे. बंद काळोखात त्या फितीचे रंग तेवढे टिकले होते. आई दारातून येते, पदर तोंडाकडे नेते. मान वळवण्यापूर्वी चित्रे संपतात. धाकट्या बहिणीला ती दाखवली, तेव्हा ती म्हणाली, “परत लाव.” आम्ही परत लावली. आई गेली तेव्हा बहीण सहा वर्षांची होती; आईची चाल कशी होती हे तिला आठवत नव्हते.

त्यानंतरच्या रविवारी मिस्सा संपल्यावर आम्ही घोषणा केली: कोणाच्या घरी जुन्या फिती, ध्वनिफिती असतील तर घेऊन या, डबा उघडा ठेवा, उकाड्यात माळ्यावर टाकू नका. तीन कुटुंबांनी डबे आणले. एका डब्यात तोच शिरक्याचा वास होता. एक कोरीच निघाली. तिसरी सुस्थितीत होती: १९७६ सालचे एक लग्न. नवरा-नवरी आज नातवंडांची झाली आहेत. सभागृहात आम्ही ती मोठ्या पडद्यावर दाखवली. आजी आपल्याच लग्नात स्वतःला नाचताना पाहत होत्या. आजोबा शेजारी बसून प्रत्येकाचे नाव सांगत होते. हा गेला, हीपण गेली, हा ऑस्ट्रेलियाला असतो.

आम्ही मागे, यंत्रापाशी उभे होतो. आता तिथे घरघर नसते, फीतही तुटत नाही. कार्यक्रम संपल्यावर बाबांच्या आणि आईच्या कबरीवर गेलो. बाबांना सांगायचे होते की फीत सापडली, सव्वादोन सेकंद उरली आहे, आणि उशीर आमच्याकडून झाला.